छायाचित्र, जाळी आणि रंग

लग्नसराई आली की घरात पत्रिकांचा ढीग जमतो. त्यातली एखादी पत्रिका हातात घ्या आणि डोळे मिटून गणपतीच्या चित्रावरून बोट फिरवा. काही पत्रिकांवर शाई बोटाला उंच लागते. शेजारचे वर्तमानपत्र घेऊन तसेच करून पाहा. तिथे काहीच लागत नाही. दोन्हीकडे कागदावर शाईच आहे, मग हा फरक कशामुळे? उंच लागणारी पत्रिका बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली असते. गावच्या बाजारपेठेत एका खोलीत चालणारा हा धंदा आणि जगातल्या मोठ्या कलासंग्रहालयांत टांगलेली काही प्रसिद्ध चित्रे, दोन्ही एकाच तंत्रातून आली आहेत. त्या तंत्रात प्रकाशाचे रसायनशास्त्र आहे, द्रवांचे भौतिकशास्त्र आहे आणि थोडे संच-गणितही आहे. या लेखात आपण साध्या छायाचित्रापासून भडक रंगांचे अमूर्त चित्र कसे छापतात ते पाहू आणि ते करताना विज्ञान कोठे कोठे भेटते याचा शोध घेऊ.

जाळीचे गणित

स्क्रीन प्रिंटिंगची कल्पना सोपी आहे. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक विणीचे कापड ताणून बसवायचे. जिथे शाई नको आहे तिथली छिद्रे बुजवायची. मग चौकटीत शाई ओतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायची. उघड्या छिद्रांतून शाई खालच्या कागदावर उतरते. रांगोळीचे ठसे आपल्या ओळखीचे असतात. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की ठशातला मधला भाग सुटा राहू शकत नाही, तो कोठेतरी जोडून ठेवावा लागतो. स्क्रीनमध्ये तो भाग जाळीलाच चिकटलेला असल्यामुळे कोणताही आकार छापता येतो. पूर्वी यासाठी रेशमी कापड वापरत, म्हणून त्याला सिल्क स्क्रीन म्हणत. आज नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड वापरतात.

समजा, कापडात एका सेंटिमीटरला 77 धागे आहेत आणि प्रत्येक धागा 48 मायक्रॉन जाड आहे. एक सेंटिमीटर म्हणजे 10,000 मायक्रॉन. म्हणून एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे 130 मायक्रॉन झाले. त्यातून धाग्याची जाडी वजा केली की छिद्राची रुंदी 82 मायक्रॉन येते. आता उघडे क्षेत्र किती? 82 भागिले 130, आणि त्याचा वर्ग. उत्तर सुमारे 0.4. म्हणजे कापडाचा 40 टक्के भाग मोकळा आहे. कापडाची एकूण जाडी 80 मायक्रॉन धरली, तर छिद्रांत मावणारी शाई कागदावर सारखी पसरल्यास तिचा थर 32 मायक्रॉनचा होईल. सगळी शाई खाली उतरत नाही आणि सुकताना थर आणखी पातळ होतो. तरीही वर्तमानपत्र किंवा पुस्तक ज्या ऑफसेट पद्धतीने छापतात, तिच्यातला शाईचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन असतो. आपल्या बोटाला जाणवलेला फरक हाच.

रंगाच्या भडकपणाचे मूळही याच जाडीत आहे. समजा, लाल शाईचा एक मायक्रॉनचा थर हिरवा प्रकाश निम्मा शोषतो. प्रकाश थरातून कागदापर्यंत जातो आणि कागदावरून परावर्तित होऊन पुन्हा थरातूनच बाहेर येतो. म्हणून एक मायक्रॉनच्या थरातून एक चतुर्थांश हिरवा प्रकाश परत येईल. थर पाच मायक्रॉनचा केला तर जाताना 1/32 आणि येताना पुन्हा 1/32, म्हणजे जवळपास हजाराव्या हिश्श्याइतकाच हिरवा प्रकाश उरेल. शाईच्या पृष्ठभागावरूनच परतणारा थोडा पांढरा प्रकाश सोडला, तर डोळ्यांत शिरतो तो शुद्ध लाल. बारावीच्या विद्यार्थ्यांना शोषणाचा घातांकी नियम फळ्यावर लिहून देण्याऐवजी पत्रिका आणि वर्तमानपत्र शेजारी ठेवून सांगता येईल.

शाईचाही एक गुण लक्षात घ्यायला हवा. ती टोमॅटो सॉससारखी असते. नुसती ठेवली तर घट्ट, ढवळली किंवा दाबली की सैल. स्क्वीजीच्या दाबाखाली तिची श्यानता कमी होते आणि ती छिद्रातून उतरते. पट्टी पुढे गेली की ती पुन्हा घट्ट होते, म्हणून कागदावर फुटत नाही. चौकटही कागदाला टेकलेली नसते, दोन-तीन मिलिमीटर वर असते. पट्टी जिथे दाबते तेवढेच कापड कागदाला लागते आणि पट्टी सरकताच ताणामुळे उचलले जाते. कापड सैल असेल तर ते चिकटून राहते आणि कडा फिसकटतात.

उजेडाने घट्ट होणारा लेप

छिद्रे बुजवायची म्हटले, पण छायाचित्रातले बारीक आकार हाताने कसे बुजवणार? हे काम प्रकाशाकडून करून घेतात. 1839 साली स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांना दिसले की पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद उन्हात काळवंडतो. पुढे 1852 मध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बट यांनी याच गुणाचा उपयोग केला. डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर प्रकाश पडला की ते पाण्यात विरघळेनासे होते. प्रकाशामुळे +6 स्थितीतल्या क्रोमियमचे क्षपण होऊन ते +3 स्थितीत येते आणि जिलेटिनच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते. क्रोम पद्धतीने चामडे कमावताना नेमकी हीच बांधणी होते. तिथे चामड्यातल्या प्रथिनाचे रेणू बांधले जातात, इथे जिलेटिनचे. जिलेटिन शेवटी हाडे आणि कातडी उकळूनच मिळते, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे नाही.

आजच्या छपाईत बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर आधारलेला लेप आणि डायझो संवेदक वापरतात. पिवळ्या उजेडाच्या खोलीत हा लेप कापडावर सारखा ओढून वाळवतात. त्यावर पारदर्शक कागदावरचे काळे चित्र, म्हणजे पॉझिटिव्ह, घट्ट दाबून ठेवतात आणि अतिनील प्रकाश किंवा ऊन देतात. जिथे प्रकाश पोचतो तिथे डायझो रेणूतून नायट्रोजन निघून जातो आणि उरलेला भाग लेपातल्या साखळ्यांना जोडतो. जिथे काळ्या शाईची सावली असते तिथला लेप कच्चाच राहतो. पाण्याची धार सोडली की तो वाहून जातो आणि तेवढी जाळी उघडी पडते.

खोलीत पिवळा दिवा का चालतो? प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची असेल तर 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागावे. 380 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशकणाला 3.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, 590 नॅनोमीटरच्या पिवळ्याला 2.1. डायझो रेणू हे पिवळे कण शोषतच नाही. पिवळा प्रकाश कितीही वेळ दिला तरी तो थेंबाथेंबाने साठत नाही. प्रकाशविद्युत परिणाम शिकवताना मुलांना जी गोष्ट पटत नाही, ती इथे बादलीभर पाण्यात पटते.

पहिल्या खेपेला आमचीही फजिती झाली. ढगाळ दिवशी आम्ही उन्हात स्क्रीन ठेवली, घड्याळ पाहून उचलली आणि धुवायला घेतली तर अख्खा लेपच गटारात गेला. मग आम्ही रीतसर चाचणी केली. स्क्रीनच्या पट्ट्या पुठ्ठ्याने झाकून एकीला 1 मिनिट, पुढच्यांना 2, 4 आणि 8 मिनिटे प्रकाश दिला. कमी वेळात लेप सुटतो, जास्त वेळात बारीक रेघा उघडतच नाहीत. योग्य वेळ या दोहोंच्या मध्ये सापडते.

कपाटातली नारंगी बाटली

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. हे तंत्र आम्ही ज्या छपाईवाल्या काकांकडून शिकलो, ते वर्षानुवर्षे डायक्रोमेटच वापरत होते, कारण ते स्वस्त पडते. त्यांच्या बोटांच्या पेरांवर खोल, लवकर न भरणाऱ्या जखमा होत्या. "धंदा म्हटला की हाताला लागणारच," असे ते म्हणत. त्या जखमा चाकूच्या नव्हत्या. +6 स्थितीतले क्रोमियम कातडीला खाते, त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि श्वासातून गेल्यास ते कर्करोगकारक आहे, हे आज सिद्ध झालेले आहे. युरोपीय संघात सप्टेंबर 2017 पासून विशेष परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही. काकांना आम्ही डायझोची बाटली नेऊन दिली. पहिले काही दिवस त्यांचा हिशोब चुकला, पण पुढे त्यांनी तीच धरली. डायझोच्या लेपाचा त्यांना आवडलेला फायदा म्हणजे डायक्रोमेटचा लेप अंधारातही आपोआप घट्ट होत जातो, म्हणून तो त्याच दिवशी संपवावा लागे. डायझोचा लेप लावलेली स्क्रीन अंधारात बरेच दिवस टिकते.

शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटातल्या मागच्या रांगेत, पोटॅशियम डायक्रोमेटची नारंगी बाटली बहुधा असतेच. जुन्या छंद-पुस्तकांत तिच्यासह जिलेटिनची कृती सापडते. कृपा करून ती कृती मुलांकडून करून घेऊ नका आणि तसले पाणी मोरीत ओतू नका. या लेखात शेवटी दिलेल्या प्रयोगाला तिची गरज नाही.

करड्या छटांचे काय करायचे?

छिद्र एकतर उघडे असते किंवा बंद. शाई पडते किंवा पडत नाही. छायाचित्रात मात्र पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत असंख्य करड्या छटा असतात. हा पेच सोडवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ठिपक्यांचा. गडद जागी मोठे ठिपके, फिकट जागी लहान. लांबून पाहिल्यावर डोळा त्यांची सरासरी काढतो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की हे दिसते. पण स्क्रीनमध्ये ठिपक्यांच्या रांगा आणि कापडाचे धागे यांची गाठ पडते. सेंटिमीटरला 77 धागे आणि 25 ठिपके असतील तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला 3.08 धागे येतात. हा 0.08 चा फरक साठत जातो आणि साडेबारा ठिपक्यांनंतर, म्हणजे दर 5 मिलिमीटरला, एक चक्र पुरे होते. चित्रात कोणीही न काढलेले पट्टे उमटतात. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून हलवल्या की असेच पट्टे धावताना दिसतात. ध्वनीच्या विस्पंदांचे हे दृश्य भावंड आहे. उपाय म्हणून ठिपक्यांच्या रांगा धाग्यांशी 22 अंशांच्या आसपास तिरप्या ठेवतात, म्हणजे पट्टे इतके बारीक होतात की डोळ्याला खुपत नाहीत.

दुसरा मार्ग उंबरठ्याचा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. एक पातळी ठरवायची. तिच्यापेक्षा गडद ते सगळे काळे, फिकट ते सगळे पांढरे. संगणकात किंवा मोबाइलमध्ये छायाचित्राच्या प्रत्येक बिंदूला 0 ते 255 मधला आकडा असतो. 60, 120 आणि 180 असे तीन उंबरठे घेतले की एकाच छायाचित्राची तीन काळी-पांढरी चित्रे मिळतात. प्रत्येकाची वेगळी स्क्रीन आणि वेगळा रंग. या क्रियेत माहिती गळून पडते. चेहऱ्यावरचा मऊपणा जातो, कातडीचा पोत जातो, आणि उरतात बेटांसारखे आकार. नकाशातल्या समोच्च रेषा जशा उंचीच्या, तशा या कडा प्रकाशाच्या समोच्च रेषा आहेत. खिडकीच्या गजांची सावली, एसटी स्टँडचा पन्हाळी पत्रा, वडाच्या पारंब्या अशा छायाचित्रांवर हे केले, की मूळ वस्तू ओळखू येईनाशी होते आणि नुसता आकारांचा खेळ उरतो.

चार रंग की सहा?

एका शिक्षक कार्यशाळेत घडलेली गोष्ट सांगतो. एका गटाने पारंब्यांच्या छायाचित्राच्या तीन स्क्रीन केल्या होत्या. पिवळी, गुलाबी आणि निळी अशी पारदर्शक शाई होती. पिवळी छापून झाली, गुलाबीही झाली. घाईत निळी स्क्रीन उलट्या दिशेने ठेवली गेली. खालचे वर झाले. बाई कष्टी झाल्या आणि तो कागद फेकायला निघाल्या. आम्ही म्हटले, आधी त्यावरचे रंग मोजू या. कागदाच्या पांढऱ्यासह सहा भरले. शेजारच्या गटाने स्क्रीन बरोबर ठेवून जे छापले होते त्यात मोजले, तर चारच.

असे का व्हावे? तीन शाया असल्या तर प्रत्येक जागी प्रत्येक शाई आहे किंवा नाही, म्हणून 2 × 2 × 2 म्हणजे आठ शक्यता. पण उंबरठ्याने केलेले संच एकात एक बसलेले असतात. जी जागा 60 पेक्षा गडद आहे, ती 120 आणि 180 पेक्षाही गडद असणारच. त्यामुळे निळा एकटा कधी येतच नाही, तो नेहमी गुलाबी आणि पिवळ्याच्या डोक्यावर बसतो. म्हणून पांढरा, पिवळा, पिवळा-गुलाबी आणि तिन्ही एकत्र, इतक्याच चार जोड्या. एक स्क्रीन फिरवली की संचांची ही उतरंड मोडते आणि दडून बसलेले हिरवे, निळे प्रकट होतात. n स्क्रीन बरोबर ठेवल्या तर n + 1 रंग, सरकवल्या किंवा फिरवल्या तर 2ⁿ पर्यंत. छायाचित्राशी इमान राखण्याची किंमत चार रंग होती. ते इमान सोडले तेव्हा चित्र अमूर्त झाले आणि रंग दीडपट झाले. बाईंनी तो कागद शेवटी वर्गात लावला.

1962 चे दोन चित्रकार

अमेरिकेतल्या दोन चित्रकारांनी 1962 मध्ये हे धंदेवाईक तंत्र उचलले. अँडी वॉरहॉल यांनी मेरिलिन मन्‍रो यांच्या निधनानंतर त्यांच्या एका जाहिरातीच्या छायाचित्राची स्क्रीन करून 'मेरिलिन डिप्टिक' हे चित्र केले. त्यात तोच चेहरा पन्नास वेळा आहे. डावीकडचे पंचवीस भडक रंगांत, उजवीकडचे पंचवीस काळे-पांढरे. उजवीकडचे काही चेहरे शाई साचून काळवंडले आहेत, काही पुसट होत गेले आहेत. छपाईवाला ज्याला दोष म्हणून कागद बाजूला काढील, तोच इथे चित्राचा अर्थ झाला. रॉबर्ट रौशेनबर्ग यांनी वर्तमानपत्रे आणि मासिकांतल्या असंबद्ध छायाचित्रांच्या स्क्रीन एकाच कॅनव्हासवर आडव्यातिडव्या छापल्या, आधी फक्त काळ्या-पांढऱ्यात आणि पुढे रंगांत. 1964 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि आपण स्वतःचीच नक्कल करू लागू या भीतीने त्यांनी न्यूयॉर्कमधल्या मित्राला निरोप पाठवून उरलेल्या स्क्रीन नष्ट करायला लावल्या.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. वॉरहॉल यांच्या 1964 च्या 'फ्लॉवर्स' मालिकेतली फुले पॅट्रिशिया कॉलफील्ड यांनी काढलेल्या आणि एका मासिकात छापून आलेल्या छायाचित्रातली होती. 1966 मध्ये त्यांनी दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. पुढे मे 2023 मध्ये, प्रिन्स या गायकाच्या छायाचित्रावरून वॉरहॉल यांनी केलेल्या चित्राच्या वापराबद्दल, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. आपण याचा बोध इतकाच घेऊ या: दुसऱ्याचे छायाचित्र उचलण्यापेक्षा मुलांना स्वतः काढू द्यावे. पाहायला शिकणे तिथूनच सुरू होते.

वर्गात करून पाहू

या प्रयोगाला लेप, दिवा, रसायन काहीच लागत नाही.

1. मुलांनी शाळेच्या आवारात ठळक ऊन-सावलीचे छायाचित्र काढावे आणि त्याची काळी-पांढरी प्रत पानभर आकारात छापून घ्यावी.

2. तिच्यावर पातळ कागद ठेवून गडद भागाची कड पेन्सिलने काढावी. दुसऱ्या कागदावर गडद आणि मध्यम दोन्ही मिळून होणाऱ्या भागाची कड काढावी. कोठे उंबरठा धरायचा यावर गटात वाद होईल. तो होऊ द्यावा.

3. आखलेले भाग कापून काढावेत. हे झाले दोन साचे. कापताना सुटे होणारे छोटे तुकडे वेगळे जपून ठेवावेत.

4. भरतकामाच्या रिंगणात किंवा जुन्या फोटोच्या चौकटीवर पातळ नायलॉनचे कापड ताणून बसवावे. टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज यावा.

5. पोस्टर कलरमध्ये कॉर्नफ्लोअरची शिजवून गार केलेली खळ मिसळून दह्याइतका दाट रंग करावा. आधी फिकट रंग, मग गडद.

6. कागदावर साचा, सुटे तुकडे त्यांच्या जागी, वर चौकट. रंग टाकून जुन्या प्लास्टिक कार्डाने एका दमात ओढावा. ओल्या रंगाने साचा कापडाला चिकटून राहतो, त्यामुळे पाच-सहा प्रती सहज निघतात.

7. काही प्रतींवर दुसरा साचा नेमक्या जागी ठेवावा, काहींवर फिरवून ठेवावा. दोन्हींतले रंग मोजून तक्ता करावा.

मुलांना विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. खळ न घातलेला रंग फुटतो का? पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा यांत फरक पडतो का, आणि का? मूळ छायाचित्र न पाहिलेल्या मुलाला छापातून ते ओळखता येते का? उंबरठा बदलला तर ओळख कोणत्या क्षणी हरवते?

या शेवटच्या प्रश्नावर जरा रेंगाळावे असे आम्हाला वाटते. छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. पण पातळी कोठे धरायची, काय काळे आणि काय पांढरे मानायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. क्ष-किरणांच्या चित्रात, उपग्रहाच्या नकाशात, वर्तमानपत्रातल्या फोटोतही. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ती कड पेन्सिलने आखली आहे, ते पुढच्या वेळी असे चित्र पाहताना विचारील, ही कड इथेच का? तेवढ्यासाठी हात रंगवून घ्यायला हरकत नाही. रंग तेवढे साबणाने निघणारे असावेत.